सेक्टरमध्ये घर मिळेल का?

छत्तीसगडमधल्या भिलाईत, हथखोजच्या भारी औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणारा किंवा तिथे छोटे वर्कशॉप चालवणारा माणूस घर शोधायला निघाला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सेक्टरमध्ये काही मिळेल का?" दिवसभर ओतकामाची धूळ, ट्रेलरची रांग आणि पत्र्याच्या शेडमधला उकाडा सोसलेल्या माणसाला संध्याकाळी कुठे परतावेसे वाटत असेल, हे त्या प्रश्नातच कळते. रेल्वेमार्ग ओलांडून दक्षिणेला गेले की भिलाई पोलाद कारखान्याची टाउनशिप लागते. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि गुलमोहर, बैठी किंवा दुमजली-तिमजली घरे, घरामागे आंब्या-पेरूची परसबाग. मे महिन्यात दुर्ग जिल्ह्यात पारा 44-45 अंशांवर जातो. अशा दुपारी औद्योगिक क्षेत्रातून सेक्टरच्या सावलीत शिरणाऱ्याला फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही.

घर घ्यायला निघालेल्याला मात्र इथे एक विचित्र गाठ सोडवावी लागते. ही वस्ती इतकी वर्षे हिरवी आणि शांत राहिली ती ज्या कारणाने, त्याच कारणाने इथले घर विकत घेणे अवघड झाले आहे. नागपूरच्या धरमपेठेत, पुण्याच्या प्रभात रस्त्यावर किंवा जमशेदपुरात जुन्या झाडांखाली घर शोधणाऱ्यांनाही ही गाठ कमी-जास्त प्रमाणात भेटते. भिलाईत ती अगदी उघड दिसते, म्हणून इथून समजून घेणे सोपे.

एकाच मालकाचे शहर

भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि दुर्ग जिल्ह्याचा कारभारही तिथूनच चाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळकडे, तरी रेल्वेचा रस्ता तोच राहिला. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग-भिलाई. या मार्गाने विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे भिलाईच्या नोकरीला आली आणि इथलीच झाली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. सुरुवातीची क्षमता वर्षाला 10 लाख टन होती. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे तयार होऊ लागले.

कारखान्याबरोबर कामगारांचे गावही उभे राहिले. सेक्टर 1 ते 10 अशी आखणी झाली. सेक्टरच्या पोटातच शाळा, बाजार, दवाखाना आणि मैदान असावे, मुलाने चालत शाळेत जावे, रात्रपाळी करून आलेल्याला दुपारी झोप मिळावी, असा त्यामागचा विचार होता. सेक्टर 9 मध्ये मोठे रुग्णालय झाले, मधोमध सिव्हिक सेंटर आले, 1972 मध्ये मैत्रीबाग झाली. मरोदा जलाशयातून पाणी येत होते आणि त्या जलाशयाला तांदुळा धरणाच्या कालव्यांचा आधार होता. रस्ता झाडणे, गटार उपसणे, झाडाची फांदी छाटणे, दिवा बदलणे ही सारी कामे कंपनीचा नगर सेवा विभाग करी.

इथली जमीन एकाच मालकाची होती, म्हणजे कंपनीची. घर कर्मचाऱ्याला मिळे ते नोकरीपुरते. कुणाला अंगण विकून तिथे दुकान काढता येत नव्हते की बिल्डरशी भागीदारी करून चार मजले चढवता येत नव्हते. बंगल्याची दोन घरे आणि दोन घरांची आठ घरे करणारी जी वाट प्रत्येक भारतीय शहराने चोखाळली, ती इथे कायद्यानेच बंद होती. म्हणून झाडे उरली, परसबाग उरली आणि साठ वर्षांनंतरही रस्त्याची रुंदी कागदावर होती तेवढीच जागेवर राहिली.

वस्तीचे वय

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1990 च्या दशकापासून भिलाईत दीर्घकाळ राहून इथल्या कामगारांच्या आयुष्याचा अभ्यास केला. त्यांचे मोठे पुस्तक 2020 मध्ये आले. पक्क्या नोकरीचा कारखाना-कामगार आणि कंत्राटी किंवा खासगी कारखान्यातला मजूर यांच्यातली दरी हा त्या अभ्यासाचा गाभा आहे. घर शोधणाऱ्याला ही दरी थेट नकाशावर दिसते. टाउनशिपमधले क्वार्टर पहिल्याच्या वाट्याला आले; हथखोज, छावणी किंवा खुर्सीपारच्या दाट वस्तीतली खोली दुसऱ्याच्या.

1980 च्या दशकात कारखान्याच्या आणि खाणींच्या पटावर साठ हजारांहून अधिक पक्के कर्मचारी होते. नंतर उत्पादन वाढत गेले आणि पट उतरत गेला. आज पक्के मनुष्यबळ त्या काळाच्या निम्म्याहूनही कमी आहे. मोठ्या पटाच्या हिशेबाने बांधलेल्या गावात राहणारे कमी झाले, की काय घडते ते सेक्टरच्या गल्ल्यांत पाहता येते. काही ब्लॉक रिकामे पडतात. रिकाम्या क्वार्टरच्या खिडक्या-दारे आधी नाहीशी होतात, मग तिथे विनापरवाना कुणी राहायला येते. कंपनीच्या शाळांची संख्या घटते. बाजारातली काही दुकाने सकाळी उघडतात ती केवळ सवयीने. निवृत्त माणसे मात्र इथेच राहू पाहतात, कारण रुग्णालय जवळ आहे, शेजारी चाळीस वर्षांचे आहेत आणि मुले पुण्या-बंगळुरात स्थिरावली आहेत.

म्हणून या शांततेकडे घर घेणाऱ्याने जरा बारकाईने पाहायला हवे. रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता मुले खेळत असतील, तर ती वस्ती शांत आहे. सात वाजताच सगळी दारे बंद आणि चारांपैकी दोन घरांत दिवा नसेल, तर तिथली माणसे कमी होत चालली आहेत. दोन्ही ठिकाणी पक्ष्यांचा आवाज सारखाच येतो. लहान मुले असलेल्या जोडप्याला पहिली गल्ली हवी असते. दुसऱ्या गल्लीत घर स्वस्त मिळेल, पण रिक्षा, दूध आणि रात्रीची गस्त यांची चौकशी आधीच करावी लागेल.

विकायला नेमके काय आहे

"सेक्टरमध्ये घर विकायला आहे" असे दलाल म्हणतो तेव्हा त्याचे तीन-चार अर्थ असू शकतात आणि प्रत्येकाची किंमत, जोखीम आणि कागद वेगळे असतात.

पहिला प्रकार साध्या कंपनी-क्वार्टरचा. ते विकायला नसतेच. नोकरीत असलेल्याला ते वाटपाने मिळते. निवृत्तांना काही काळ किंवा विशिष्ट योजनेखाली परवान्यावर राहता येते. असे घर "ताबा देतो, पुढे बघून घेऊ" म्हणून कुणी देऊ केले, तर तो व्यवहार नव्हे. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या जागांवरील अनधिकृत रहिवाशांना काढण्यासाठी 1971 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली कंपनीचा संपदा अधिकारी नोटीस देतो, सुनावणी घेतो आणि घर रिकामे करवून घेतो. दिवाणी न्यायालयातल्या भाडेकरूसारखे संरक्षण तिथे मिळत नाही. पैसे घेतलेला माणूस तोवर गाव सोडून गेलेला असतो.

दुसरा प्रकार ‘लीज’च्या घरांचा. 2001 पासून कारखान्याच्या मालक कंपनीने, म्हणजे सेलने (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया), काही टप्प्यांत कर्मचारी आणि माजी कर्मचाऱ्यांना क्वार्टर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. भिलाईत अशी घरे साडेचार हजारांच्या आसपास आहेत. टाउनशिपच्या आत कायदेशीर हक्काने राहण्याची ही सर्वांत ओळखीची वाट. इथे घेणाऱ्याच्या हाती येतो तो पट्टा, म्हणजे ठरावीक वर्षांचा, ठरावीक अटींचा वापराचा हक्क. जमीन कंपनीचीच राहते. पट्ट्यांना आता वीस-पंचवीस वर्षे होत आली आहेत, म्हणून उरलेली मुदत हाच किमतीचा कणा असतो. पट्टा दुसऱ्याच्या नावावर करायला कंपनीची परवानगी लागते का, शुल्क किती, वारसाला तो कसा मिळतो, नूतनीकरणाचा हक्क आहे की कंपनीची मर्जी, वाढीव बांधकामाबद्दल काय म्हटले आहे, ही उत्तरे मूळ करारातच वाचायची. शेजाऱ्याचा करार वाचून चालत नाही, कारण टप्प्यागणिक अटी वेगळ्या असू शकतात.

तिसरा प्रकार टाउनशिपच्या बाहेरच्या, पण तिच्याच वयाकडे झुकलेल्या वसाहतींचा. जी. ई. रोडच्या पलीकडचे नेहरूनगर हे विशेष क्षेत्र प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘साडा’च्या काळात आखलेले. स्मृतिनगर सहकारी गृहनिर्माण समितीतून उभे राहिले. शिवाय वैशालीनगर, मैत्रीनगर, आमदीनगर. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी फंडाच्या पैशातून इथे घरे बांधली, अंगणात आंबा लावला आणि आता त्या झाडांनीही छपराची उंची ओलांडली आहे. 1998 मध्ये भिलाई नगर निगम आला आणि साडाचे व्यवहार त्याच्याकडे गेले. ज्यांचे भूखंड पट्ट्याचे होते, त्यांनी पट्टा वाढवला आहे की मालकी हक्कात बदलून घेतला आहे, की काहीच केलेले नाही, हे प्रत्येक घरागणिक तपासावे लागते. खऱ्या अर्थाने विकत घेता येईल असे हिरवे घर भिलाईत शोधायचे, तर ते बहुधा याच भागात सापडते.

चौथा प्रकार जुनवानी, कोहका किंवा कुरूदच्या बाजूला नव्याने कापलेल्या भूखंडांचा. तिथे सावली अजून व्हायची आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून, मंजूर नकाशा नसताना, केवळ मुरमाचा रस्ता टाकून विकलेले भूखंडही याच बाजूला निघतात. हथखोजहून सायकलने जाता येईल म्हणून घाईत असा भूखंड घेणाऱ्याला पुढे नाली, वीज आणि कर्ज या तिन्हींसाठी खेटे घालावे लागतात.

महाराष्ट्राबाहेरचे कागद

नागपूर-गोंदियाकडून येणाऱ्या मराठी खरेदीदाराला सातबारा, फेरफार आणि रेडी रेकनर पाठ असतात. छत्तीसगडमध्ये नावे बदलतात. जमिनीची नोंद बी-1 आणि खसऱ्यावर पाहतात; ‘भुइयाँ’ या सरकारी संकेतस्थळावर ती दिसते. शेतजमीन निवासी वापरासाठी बदलली की त्याला डायव्हर्शन म्हणतात. फेरफाराला नामांतरण, रेडी रेकनरला गाइडलाइन दर आणि दुय्यम निबंधकाला उपपंजीयक. नगर तथा ग्राम निवेश खात्याने मंजूर केलेल्या आखणीला बाजारात ‘टीएनसी’ म्हणतात. भूखंड घेताना हा मंजुरीचा कागद आणि त्यावरचा रस्ता जागेवर टेपने मोजून पाहायचा.

2019 मध्ये राज्य सरकारने गाइडलाइन दर 30 टक्क्यांनी उतरवले होते. ती सूट 2024 च्या एप्रिलपासून संपली. म्हणून चार वर्षांपूर्वी शेजाऱ्याने नोंदणीला किती खर्च केला, यावरून आजचा अंदाज बांधू नये. महिलेच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, तशी ती महाराष्ट्रातही आहे. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून अधिकचा असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. जुन्या घराच्या व्यवहारात ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि दोन वर्षांनी नोटीस आली की आठवते.

सगळ्यांत मोठा धोका मुखत्यारपत्राचा. नोंदणी होऊ शकत नाही, परवानगी मिळायला वेळ लागेल, म्हणून "पॉवर घ्या, इकरारनामा घ्या, सोबत मृत्युपत्रही करून देतो" असा तोडगा पुढे येतो. दिल्लीच्या वसाहतींपासून भिलाईच्या पट्ट्याच्या घरांपर्यंत ही पद्धत वर्षानुवर्षे चालली. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात ऑक्टोबर 2011 मध्ये स्पष्ट सांगितले की अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. ती होते नोंदणीकृत खरेदीखतानेच. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सर्वसाधारणपणे तिथेच संपते आणि मृत्युपत्र तो हयातीत कधीही बदलू शकतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही नोंदवावाच लागतो. टाउनशिपमधले कितीतरी पट्टे अनेक वर्षे नोंदणीशिवाय राहिले आणि अलीकडच्या काळात त्यांच्या नोंदणीचे काम हाती घेतले गेले. समोरच्या घराचा पट्टा नोंदवला आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच सुरुवातीलाच विचारायचा. बँकेचा वकील तो नंतर विचारणारच असतो.

वारसांचा प्रश्न इथे जरा जास्त नाजूक आहे. 1960 च्या दशकात भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून आलेले वडील आता नाहीत, आई पुण्यात धाकट्याकडे, थोरला परदेशात, बहीण रायपूरला, असे चित्र वारंवार दिसते. घर दाखवायला येतो तो एकच मुलगा आणि "बाकीच्यांचे काही नाही" म्हणून सांगतो. हिंदू वारसा कायद्याने मुलीचा आणि विधवेचा हिस्सा मुलाइतकाच. सगळ्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात आल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नये. परदेशातल्या वारसाचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे मुद्रांकित करावे लागते. त्यात सहज दोन-तीन महिने जातात. विसारपावतीत मुदत लिहिताना हा काळ धरायचा.

छताकडे बघा

जुन्या वस्तीत घर पाहायला जाणारे बहुतेक जण आधी बाग पाहतात आणि मग खोल्या मोजतात. पाहायचे असते ते छत.

1950-60 च्या दशकातल्या स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचे आवरण पातळ असे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक काँक्रीटमध्ये आत शिरतो आणि त्याचा क्षारपणा कमी करतो. तो क्षारपणा असेतोवर सळई गंजत नाही. आवरण एकदा ओलांडले गेले, की पावसाच्या ओलीने गंज सुरू होतो. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, म्हणून आतून दाब येतो. आधी छतावर सळईच्या रेषेतच एक सरळ बारीक भेग उमटते, तिच्या कडेने तपकिरी डाग येतो, मग पोपडा सुटतो आणि एके दिवशी गिलाव्यासह काँक्रीटचा तुकडा पलंगावर पडतो. भिलाईच्या जुन्या ब्लॉकमध्ये छज्जे आणि बाल्कनीचे तुकडे कोसळण्याच्या तक्रारी होतात, त्यांचे मूळ हेच.

ताज्या रंगाखाली हे सारे लपते. म्हणून घर पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये, दोन दिवस झड लागल्यावर जावे. न्हाणीघराच्या वरचा कोपरा, गच्चीला लागून असलेली भिंत आणि वळचणीखालचा भाग हाताने चाचपून पाहावा. नाण्याने छतावर टिचकी मारली असता भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटलेला आहे. शंका असेल तर अभियंता काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकतो: गुलाबी झाला तर क्षारपणा शाबूत, रंग आला नाही तर तो भाग निकामी होत चालला आहे. ही तपासणी स्वस्त आहे आणि तासाभरात होते. घराच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य.

टाउनशिपमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर जो शब्द घरोघर ऐकू येतो तो ‘टार फेल्टिंग’. गच्चीवर डांबरी थर आणि पट्टे चिकटवून गळती थांबवण्याचा हा इलाज. काही वर्षे टिकतो, उन्हाने भेगाळतो, पुन्हा करावा लागतो. क्वार्टर कंपनीकडे असेल तर अर्ज करून क्रमांक लावायचा. पट्ट्याचे घर असेल तर खर्च कुणाचा, हे करारात पाहायचे. तिमजली ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्याने गच्ची एकट्याची नसून गळती मात्र एकट्याची असते, हे आधीच गृहीत धरावे. खालच्या मजल्यावर घेणाऱ्याने मैलापाण्याचे चेंबर उघडून पाहावे. साठ वर्षांच्या मातीच्या पाइपांत पिंपळ-वडाची मुळे शिरतात आणि पहिला तुंबारा तळमजल्याच्या संडासातच येतो.

झाड कुणाचे?

घराच्या दारातला आंबा खरेदीखतात लिहिलेला नसतो, पण किमतीत धरलेला असतो. तो कुणाच्या जमिनीवर आहे? रस्त्यालगतची झाडे कंपनीची किंवा निगमची. ती छाटायची परवानगी तिथूनच. परसातले झाड स्वतःचे असले, तरी शहरी हद्दीत ते तोडायला परवानगी लागते. भिंतीला चिकटून उगवलेला पिंपळ आणि भिंतीपासून वीस फुटांवरचा कडुनिंब यांत फरक आहे. पहिला पाया उखडतो, दुसरा मे महिन्यात वीजबिल वाचवतो.

रस्त्यावरच्या सगळ्या झाडांचे वय एक असेल, तर ती एकाच दशकात वठतील. भिलाईत 1960 च्या आसपास लावलेले गुलमोहर आज आयुष्याच्या उत्तरार्धात आहेत. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे वळिवाच्या वादळात ते आधी पडतात. जिथे मोठ्या झाडांच्या मधोमध नवी रोपे लावलेली आणि कुंपण घालून जपलेली दिसतात, ती गल्ली आणखी तीस वर्षे हिरवी राहील. घर घेणाऱ्याने गल्लीत किती झाडे आहेत हे मोजताना त्यातली पाच वर्षांखालची किती, तेही मोजावे.

इतर शहरांनी काय केले

जमशेदपुरात जमीन सरकारची, पट्टा टाटा स्टीलकडे आणि त्याखाली रहिवाशांकडे उपपट्टे. कंपनीचा मूळ पट्टा 2005 मध्ये 1996 पासून तीस वर्षांसाठी वाढवला गेला. नागपुरात 1936 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासने दिलेले कितीतरी भूखंड आजही पट्ट्याचे आहेत, आणि धरमपेठेत घर घेताना नूतनीकरणाची पावती पाहिली जाते. नवी मुंबईत सिडकोचा मूळ पट्टा 60 वर्षांचा होता. थोडक्यात, ‘माझे घर’ म्हणवून घेणाऱ्या लाखो भारतीयांच्या पायाखालची जमीन कायद्याने दुसऱ्याची आहे. त्यात भीतीचे कारण नाही, मात्र मुदत आणि अट माहीत असायला हवी.

वस्ती जपण्याचा वेगळा मार्ग चंडीगडने दाखवला. तिथे जुन्या सेक्टरांतल्या एकेका घराचे मजलेनिहाय फ्लॅट करून विकण्याची प्रथा पडली होती. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर 1 ते 30 मधल्या घरांचे असे तुकडे करायला मनाई केली. शहराची रचना आणि फुप्फुसे टिकवणे हे त्यामागचे कारण होते. पुण्यात उलट झाले. डेक्कन जिमखाना आणि प्रभात रस्त्यावरचे बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या, मालकांना चांगले पैसे मिळाले आणि बंगल्यांच्या बागांच्या जागी तळघरातले वाहनतळ आले. जमीन मुक्त झाली की मालकाचा फायदा होतो आणि सावलीचा तोटा, हे दोन्ही ठिकाणचे सार.

भिलाईत या दोन वाटांमधली निवड अजून व्हायची आहे. पट्टाधारकांची मागणी रास्त आहे: आयुष्यभर कारखान्यात काम केले, घराचे पैसे भरले, तर हक्क पक्का हवा, कर्ज मिळावे, मुलांना घर विनासायास मिळावे. ती मान्य व्हायला हवी. त्याचबरोबर मजल्यांची मर्यादा, अंगणाचे मोकळे क्षेत्र आणि झाडांची नोंद हे नियम हक्क देतानाच कागदावर यायला हवेत. हक्क आधी आणि नियम नंतर असा क्रम लागला, तर मधल्या पाच वर्षांत अंगणांवर स्लॅब पडलेले असतील.

कुणाला परवडेल

हथखोजच्या एखाद्या ओतशाळेत पर्यवेक्षक असलेल्या, चाळिशीतल्या, बँकेचे कर्ज काढून घर घेणाऱ्या माणसाला पट्ट्याचे क्वार्टर बहुधा सोयीचे पडणार नाही. नोंदणीकृत पट्टा आणि कंपनीचा ना-हरकत दाखला नसेल तर बँक दाराशीही उभे करत नाही, आणि वीस वर्षांच्या कर्जाला पट्ट्याची त्याहून लांब मुदत शिल्लक लागते. त्याने स्मृतिनगर किंवा वैशालीनगरच्या बाजूला, स्पष्ट मालकीचे, तीसेक वर्षांचे घर पाहावे. दुरुस्तीसाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवावी. निवृत्तीचे पैसे हाती असलेल्या, रुग्णालयाजवळ राहू इच्छिणाऱ्या जोडप्याला मात्र नोंदणीकृत पट्ट्याचे, तळमजल्यावरचे घर शोभून दिसते. त्यांना मुदतीची चिंता कमी आणि शेजाराची गरज जास्त असते. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावणाऱ्याने या वस्तीत येऊ नये. बंद घर इथे लवकर खचते आणि गल्लीलाही खचवते.

विसार देण्यापूर्वीची कामे तशी थोडी आहेत. घर टाउनशिपमधले असेल तर पट्ट्याची प्रत घेऊन नगर सेवा विभागात जायचे आणि पट्टाधारकाचे नाव, थकबाकी, हस्तांतराची पद्धत लेखी मागायची. बाहेरचे असेल तर उपपंजीयक कार्यालयातून तीस वर्षांचा शोध, बी-1 आणि डायव्हर्शनचा आदेश, निगममधून मालमत्ता कराची पावती आणि मंजूर नकाशा काढायचा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक निघाला, तर तो नियमित करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकणारे कलम विसारपावतीत घालून घ्यायचे. दलालाला या कागदांसाठी पंधरा दिवस मागितले आणि त्याने "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे" असे सांगितले, तर ते घर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्यावे.